एक गाणं घेऊन सांगलीपर्यंत

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत दोन माणसं आणि सात खोकी होती. माणसं म्हणजे मी आणि रेणू. खोक्यांत रेणूचे ड्रम, माझ्या दोन इलेक्ट्रिक गिटारी, स्पीकर, आणि एक खोकं नुसत्या वायरींचं. खंबाटकीच्या घाटात प्रत्येक वळणावर मागून झांजा वाजायच्या आणि रेणू "पट्टा सैल झालाय गं" म्हणत मागे वळून पाहायची.

मी गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि स्वतःच गाते. पॉप-रॉक म्हणतात तो प्रकार. पाठीशी कुठली कंपनी नाही. नऊ वर्षं विम्याच्या कार्यालयात नोकरी केली आणि शनिवार-रविवारी पुण्यातल्या कॅफेंमध्ये हिंदी-इंग्रजी गाणी म्हटली. मग एक मराठी गाणं लिहिलं आणि त्याने माझी नोकरी सोडवली.

त्या गाण्याबद्दल आधीच सांगायला हवं, कारण हा सगळा प्रवास त्याचाच आहे. माझे बाबा पाटण तालुक्यातले, सैन्यात सुभेदार. माझं लहानपण अंबाला, जबलपूर अशा छावण्यांत गेलं. बाहेर हिंदी आणि घरात बाबांची बोली. पुण्याच्या शाळेत आले आणि पहिल्याच आठवड्यात बाईंना "मला ठावं न्हाई" असं उत्तर दिलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून ती बोली मी तोंडातून काढून टाकली. वीस वर्षांनी ती एका गाण्यात परत आली. नवरा फौजेत गेलेली एक बाई त्यात बोलते:

तुमी गेलासा लांब, आमी हितंच हाय,
उसाला पानी पाजतोय, वाट बगत न्हाय.

एका कंपनीच्या माणसाला चाल आवडली. "फक्त भाषा शुद्ध करू," तो म्हणाला. मी नकार दिला, गाणं स्वतःच ध्वनिमुद्रित केलं आणि नेटवर टाकलं. पुण्या-मुंबईच्या पोरापोरींनी ते डोक्यावर घेतलं. पण ज्यांची ती बोली, त्यांच्यासमोर मी ते एकदाही गायले नव्हते. म्हणून सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजातून मगदूम सरांचा फोन आला, "स्नेहसंमेलनाला याल का?" तेव्हा मी वाटेतले साताऱ्याचे, पाटणचे आणि उंब्रजचे कार्यक्रमही ठरवून टाकले.

साताऱ्यात सगळं सोपं गेलं. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढलो, वरून सगळं शहर ताटात वाढल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळी छोट्या सभागृहात कॉलेजची मुलं आली होती. त्यांना शब्द पाठ होते. 'लय' हा शब्द मी लांबवला की शिट्ट्या पडत होत्या. कार्यक्रमानंतर कुणीतरी कंदी पेढ्यांचा पुडा हातात दिला. "पाटण तर आपलं घरच," मी रेणूला म्हणाले आणि तोंडात दोन पेढे एकदम टाकले.

दुसऱ्या दिवशी उंब्रजला महामार्ग सोडला. ऊसतोडीचे दिवस होते. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर उसाचा डोंगर आणि त्यामागे आम्ही पहिल्या गिअरमध्ये. मल्हारपेठेजवळ क्लचची वायर तुटली. गॅरेजवाले काका खाली शिरण्याआधी गाडीत डोकावले.

"लगीन हाय व्हय?"

"नाही, कार्यक्रम आहे. आम्ही दोघीच वाजवतो."

"बाया ड्रम वाजवत्यात?" त्यांनी रेणूकडे नीट पाहून घेतलं. "मंग दावा की वाजवून."

रेणूने काठ्या काढल्या आणि तिथेच पडलेल्या टायरवर, डब्यावर आणि गाडीच्या रिमवर असा काही ठेका धरला की शेजारच्या वडेवाल्याने झारा तसाच हातात धरून ठेवला. काका वायर बदलून बाहेर आले तेव्हा म्हणाले, "लय बेस. पर ह्यो टायर माजा न्हवं, गिऱ्हाइकाचा हाय."

पाटणला हौसाआत्याकडे उतरलो. हौसाआत्या बाबांची धाकटी बहीण. तिचे यजमान सैन्यातले निवृत्त हवालदार. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामांनी आमची खोकी एका ओळीत, उंचीनुसार लावून घेतली, मगच चहा मिळाला.

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता. पुढच्या रांगांत फेटे आणि टोप्या, डावीकडे बायका आणि त्यांच्यात आत्या, मागे तरुण पोरं. पहिली दोन हिंदी गाणी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग मी ते गाणं सुरू केलं. "तुमी गेलासा लांब" म्हटलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. "आमी हितंच हाय" ला अख्खी रांग हसली. "वाट बगत न्हाय" ला तर टाळ्या देऊन हसले, एका आजोबांनी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. नवऱ्याविना एकटीने शेत ओढणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. माझे कान तापले. मी उरलेलं कसंतरी संपवलं आणि शेवटची दोन गाणी गाळून टाकली. लोक खूश होते. जाताना एक जण म्हणाला, "ताई, लय करमणूक झाली बगा."

शाळेतला तो वर्गच परत माझ्यासमोर बसला होता असं वाटलं.

सकाळी रेणू म्हणाली, "सांगलीला ते गाणं नको. तिथे मोठं सभागृह आहे. हसले तर पुढचा सगळा कार्यक्रम गेला."

मलाही तेच वाटत होतं. आत्या चुलीपाशी म्हाद्या (दाण्याच्या कुटाची झणझणीत आमटी) करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कशापायी नको?"

"आत्या, काल हसली ना सगळी मला."

"तुला न्हाई हसली. ह्या लोकास्नी काय ठावं हाय? आमची बोली ष्टेजवर आली म्हंजी कुनीतरी नक्कल करतंय. मंग हसायचं असतंय."

"पण मी नक्कल करत नव्हते."

आता आत्याने पळी खाली ठेवली. "सुमे, खरं सांगू? राग मानू नगंस. तूबी हसत हुतीस."

"मी?"

"तोंडानं न्हवं. आवाजात. 'हाऽऽय', 'लऽऽय'. आसं कोन बोलतंय गं आमच्यात? बाकी गानी कशी नीट म्हनलीस. आन ह्येच आलं की मुरका मारलास."

पुण्यात त्या मुरक्यावरच शिट्ट्या पडायच्या, आणि दर कार्यक्रमात मी तो थोडा थोडा वाढवत नेला होता. भाषा शुद्ध करायला कंपनीला नाही म्हणणारी मी, माझ्या बापाची बोली गंमत म्हणून विकत होते. भाकरी हातात तशीच राहिली.

"मग कसं म्हणू?" मी विचारलं.

आत्या म्हणाली, "मला गानं कुटं येतंय?" आणि पुन्हा पळी हातात घेऊन आमटी ढवळत, अगदी हिशेबाचं काहीतरी सांगावं तशी बोलू लागली. "ह्ये लेहला हुते. दोन वरसं. हितं ऊस हुता, म्हस हुती, सासू आंथरुनावर. लोकं इचारायची, वाट बगतीस का गं? वाट बगाया यळ कुनाला हुता? पानी रातच्यालाबी यायचं, दिसाबी यायचं. आमी हितंच."

बाहेर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या मामांनी पान उलटलं नाही.

तिच्या बोलण्यात लांबवलेला एकही स्वर नव्हता. शब्द कुदळीच्या घावासारखे पडत होते आणि थांबत होते. रेणू डाळीचा रिकामा डबा पुढ्यात ओढून हळूच ठेका शोधत होती. आमच्या जुन्या चालीत 'हाय' चार मात्रा रेंगाळायचा. तिने तो एका मात्रेत तोडला आणि पुढच्या तीन मात्रा रिकाम्या सोडल्या. "म्हण," ती म्हणाली. मी म्हटलं. आत्या म्हणाली, "अजून कोरडं." पुन्हा म्हटलं. दुपारपर्यंत आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. शेवटी आत्याने नुसती माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तेव्हा कळलं की जमलं.

उंब्रजचा कार्यक्रम दुसऱ्या दुपारी महिला मंडळाच्या पत्र्याच्या सभागृहात होता. चाळीसेक बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या, काही तर रानातून थेट आलेल्या. मी प्रस्तावना केली नाही. गाणं नव्या पद्धतीने म्हटलं, सरळ, जसं आत्या बोलली होती तसं. कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. गाणं संपलं आणि वर फक्त पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. रेणूने माझ्याकडे पाहिलं. फसलं, असं दोघींनाही वाटलं.

मग मागून एक बाई म्हणाली, "बाय, त्येवढं पुन्यांदा म्हना."

पुन्हा म्हटलं. या वेळी 'आमी हितंच हाय' त्या माझ्याबरोबर म्हणाल्या, मान खाली घालून, जणू आपापसातच बोलत होत्या. निघताना त्याच बाईने विचारलं, "तुमी कुटल्या?"

"पाटणकडची," मी म्हणाले. एरवी मी पुण्याची असल्याचं सांगते.

पेठ नाक्यावरून आष्टा ओलांडून सांगलीत शिरलो. दुतर्फा ऊस, मध्येच द्राक्षांचे मांडव, हवेत गुऱ्हाळाचा गोड वास. मगदूम सर विश्रामबागेत राहतात. भौतिकशास्त्र शिकवतात, घर जैन, शेती जवळच्या गावात. आम्ही पोचताच त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, म्हणाल्या, "आधी जेवून घ्या, दिवस मावळायच्या आत." त्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. कांदा-लसूण नसलेली ती वांग्याची भाजी इतकी चवदार होती की रेणूने दोनदा मागून घेतली.

सरांचं मराठी मोजून-मापून, छापील. "आपण आलात, हे आमचं भाग्य." तेवढ्यात गावाकडून त्यांच्या आईचा फोन आला. सर उठून खिडकीपाशी गेले आणि आवाज खाली आणून बोलले, "जेवलीस न्हवं? गोळी घेटलीस का? ... न्हाई गं, परवा येतो की." फोन ठेवून परत आले आणि आम्हाला म्हणाले, "क्षमा करा, मातोश्रींचा दूरध्वनी होता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पडदा उघडला. सभागृह भरून मुलं दारांत आणि खिडक्यांत उभी होती. पुढे प्राध्यापक आणि गावोगावचे पालक. आणि दुसऱ्या रांगेत, मला न सांगता एसटीने आलेले मामा आणि हौसाआत्या! आत्याने इस्त्रीचं नऊवारी लुगडं नेसलं होतं आणि पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

चार गाणी झाली. मुलं नाचत होती. आता ते गाणं. रेणूने काठ्यांनी चार मोजले आणि मी म्हटलं, "तुमी गेलासा लांब." बाल्कनीतून दोघे-तिघे हसले, सवयीने. मी थांबले नाही, मुरका मारला नाही. "आमी हितंच हाय." रेणूच्या ड्रमचा एक घाव, आणि मग त्या तीन रिकाम्या मात्रा. त्या शांततेत बाल्कनीतलं हसू आपोआप विरलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढला. तिसऱ्याला मी गिटार पूर्ण आवाजात सोडली, रेणू सगळ्या झांजांवर तुटून पडली, आणि "आमी हितंच" म्हटल्यावर पुढचं 'हाय' मी म्हणायच्या आत अख्ख्या सभागृहाने म्हटलं. एका मात्रेत. कोरडं. भिंती दणाणल्या.

तीनदा ते गाणं म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा मी माईक लोकांकडे वळवला आणि नुसती वाजवत राहिले. मामा ताठ उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत्या बसूनच होती, पण तिचे ओठ हलत होते. एवढी वर्षं गाते आहे. इतका आनंद मला कुठल्याही मंचावर झालेला नाही.

शेवटी मगदूम सर आभार मानायला आले. हातात टाइप केलेला कागद होता. "आज या प्रसंगी..." असं म्हणून ते थांबले. कागदाकडे पाहिलं, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला.

"वीस वरसं हितं शिकवतोय," ते म्हणाले. "घरी येगळं बोलतो, हितं येगळं. वाटायचं, पोरं हसतील." त्यांनी माईक घट्ट धरला. "आज आमच्या घरचं गानं झालं बगा. लय भारी झालं. आमी समदी तुमचं आभारी हाय."

एकही विद्यार्थी हसला नाही. मग जो गजर झाला, तो माझ्या गाण्यालाही झाला नव्हता. अक्का पदराने डोळे पुसत होत्या आणि रेणू ड्रममागे उघड रडत होती.

परतताना गाडीत भडंगाची पाच पाकिटं आणि तीच सात खोकी. कराडच्या पुढे रेणूने फोनवर माझं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. ज्या गाण्याने मला नाव दिलं, ते मिनिटभरही ऐकवेना. तो लांबलेला 'हाऽऽय' कानाला टोचत होता. महामार्गाच्या कडेला गाडी थांबवली आणि ते गाणं नेटवरून काढून टाकलं. हजारोंनी ऐकलेलं होतं. तरी काढलं.

माणूस घरी जातो तेव्हा आपली म्हणून काही वस्तू बरोबर नेतो आणि घरचे ती हातात घेऊन सांगतात, ही अशी नाही. बरं वाटत नाही. पण खरी वस्तू मिळते ती तिथेच.

पुण्यात पोचल्यावर चौथ्या दिवशी स्टुडिओत गेलो. गाणं एकदाच सलग म्हटलं. काचेपलीकडून ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीने विचारलं, "छान झालं. तरी खात्रीसाठी आणखी एकदा घ्यायचं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "झालं."

रेणू हसू लागली तेव्हा कुठे मला कळलं, मी काय बोलले ते.