दारापुढचे दगड

रस्ता मळवायचा तर हात स्वच्छ लागतात. हे मी बायकोला समजावून सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं की मग ते स्वच्छ हात चहाच्या गाळणीला कशाला लावले. गाळणीतून मी काळी माती चाळत होतो. एका मित्राच्या शेतातून ती डबाभर आणली होती, आणि आमच्याकडची माती कितीही वाळवली तरी ढेकळं सोडत नाही. शेवटी नवी गाळणी आणून दिली. जुनी माझ्याकडे राहिली. या घरात खास माझी म्हणावी अशी तेवढीच वस्तू आहे.

मी सरकारी कचेरीत आरेखक आहे. दिवसभर कालव्यांचे नकाशे काढतो आणि घरी आल्यावर दीड इंच उंचीच्या माणसांसाठी घरं आणि गल्ल्या बांधतो. अमरावतीत हा छंद असलेला दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला असेल तर त्यानं सांगितलं नसेल, आणि त्याचंही बरोबर आहे.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावानं अकोल्यात घर बांधायला काढलं. दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाट करायचं ठरलं, आणि त्यात ठेवायचं काय, ते त्याला सुचेना. मी म्हणालो, आपली अचलपूरची गल्ली करून देतो, वास्तूच्या दिवशी सगळे पाहुणे बघतील. तो लगेच हो म्हणाला. फुकटच्या वस्तूला नाही म्हणायची त्याला सवय नाही.

आम्ही दोघं त्या गल्लीत वाढलो. तिला जुनी दगडी फरसबंदी होती, वीतभर लांबीचे ओबडधोबड काळे दगड एकमेकांना खेटून बसवलेले. सायकल चालवताना दात वाजायचे. आता तिथं लाल-पिवळे सिमेंटचे गट्टू आहेत. दगड कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही, आणि त्यांचा फोटो काढून ठेवावा असं त्या काळी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमचं घरही वडील गेल्यावर विकलं, आणि आई माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

आईबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. अचलपूरला ती रोज सकाळी दार झाडून दगडांवर सडा टाकायची. ताप असला तरी टाकायची, आणि आम्ही टाकतो म्हटलं तर आम्हाला ते जमत नाही असं तिचं मत होतं. फ्लॅटमध्ये आल्यावर तिनं दाराबाहेरच्या फरशीवर तांब्याभर पाणी शिंपडायला सुरुवात केली. काही दिवसांनी समोरचे गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन येताना घसरले. दूध गेलं, गृहस्थ बचावले. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले, चहा प्यायले, उन्हाबद्दल बोलले, आणि चपला घालता घालता म्हणाले की काकू, पाण्याचं तेवढं जरा बघा. आई बरं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तांब्या स्वयंपाकघरातच राहिला. सकाळी ती दार उघडायची, बाहेर बघायची आणि पुन्हा लावून घ्यायची. प्रश्न मिटला असं आम्ही सगळे धरून चाललो.

गल्ली मी गच्चीकडच्या खोलीतल्या उंच टेबलावर मांडली. प्लास्टरचा थर ओतला, तो अर्धवट वाळला तेव्हा कर्कटकाच्या टोकानं एकेक दगड कोरला. मग सगळ्यावर काळा रंग, त्यावर राखाडीच्या जमतील तेवढ्या छटा, कारण शेजारशेजारचे दोन दगड एकाच रंगाचे दिसले की डोळ्याला लगेच खोटं वाटतं. इथवर कोणीही येईल. खरी मजा पुढे असते. पातळ तपकिरी रंग फटींमध्ये सोडायचा, कोरड्या ब्रशनं दगडांची डोकी उजळायची, नालीच्या कडेला शेवाळ, चाकोरीत चाळलेली माती, आणि वाळका पाला म्हणून चहाची भुकटी. शंभर वर्षांचा मळ एका रविवारात. मला ते इतकं आवडलं की मी कुठे थांबलोच नाही. आमच्या घरापुढे तर जास्तच जीव ओतला. उंबऱ्याला लागून चिखलाचा डाग, पायरीच्या कोपऱ्यात साचलेला कचरा. अगदी शेणाचा पो सुद्धा केला, तांदळाच्या दाण्याएवढा.

मी खूश होतो. बायकोनं दाराशी उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, बाहेरचा रस्ता असाच आहे, घरात कशाला आणखी. पण ती हसत होती.

मग आईला बोलावलं. तिनं चष्मा पुसला, टेबलाला हात टेकून वाकली आणि बराच वेळ पाहत राहिली. पिंपळाची जागा बरोबर होती. शेजारणीची पायरी फुटकी होती, तीही बरोबर. मी वाट पाहत होतो.

“हे आपलं दार होय?” तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

“वास्तूले अख्खं गणगोत येईन ना?”

येणारच, मी म्हणालो. तिनं चष्मा काढून डबीत ठेवला आणि ती भाजी निवडायला निघून गेली. माझी कला बघून तिला गहिवरून आलं असावं, असा मी अर्थ काढला. माणूस स्वतःच्या बाबतीत किती उदार असतो पाहा.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर घरात डेटॉलचा वास. गल्ली जागेवर होती. आमच्या दारापुढचा, तळहाताएवढा तुकडा मात्र ओल्या फडक्यानं घासून पुसलेला होता. चिखल गेला, कचरा गेला, पो गेला. फटींतला रंग निघून आला होता आणि दगडांच्या डोक्यांवर पांढरं प्लास्टर उघडं पडलं होतं. बाकीच्या गल्लीला बोट लागलेलं नव्हतं. शेजारणीच्या दारापुढच्या कचऱ्याची तर काडीन् काडी शाबूत होती.

मी भडकलो. माझा आवाज तसाही लहान नाही. कित्येक महिन्यांची मेहनत, विचारायचं तरी, न कळणाऱ्या गोष्टीला हात कशाला लावायचा, असं सगळं बोललो. समोरच्या गृहस्थांचं दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाजही मला आला. आई पलंगावर बसून ऐकत होती. माझं संपलं तेव्हा ती बोलली, आणि तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

“तुह्या बापाची मयत निघाली त्या दिवशी बी मी ते दार झाडलं होतं,” ती म्हणाली. “आता लोक पाहतीन अन् म्हणतीन, बाई अशी राहत होती. इथं मले दारच नाही बापू. होतं ते येक, ते बी तू घाण करून ठेवलं.”

मी गच्चीकडच्या खोलीत जाऊन बसलो. खूप वाईट वाटत होतं, आणि रागही पुरता गेलेला नव्हता, दोन्ही एकदम. तो पांढरा तुकडा बघत बसलो तेव्हा हळूहळू आठवायला लागलं. गल्ली कधीच एकसारखी मळकी नव्हती. प्रत्येक बाई आपल्या भिंतीच्या सरळ रेषेपर्यंत झाडायची आणि तिथं थांबायची. पलीकडच्या दगडाला खराटा लागला तर तो शेजारणीचा अपमान, अलीकडचा राहिला तर आपला. त्यामुळे दगडांवर हद्दी दिसायच्या, एक पट्टा उजळ, पुढचा काळपट. कालव्यांच्या हद्दी आखण्यात माझं आयुष्य चाललंय आणि ही हद्द मला दिसली नव्हती. आईनं पुसलेला तुकडा बरोब्बर आमच्या भिंतीच्या रेषेवर थांबला होता. पट्टी लावून मीही तो तितका सरळ काढला नसता.

दुरुस्ती करायची नाही असं मी ठरवलं. तिला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली, आणि शेजारणीकडचा कचरा आणखी थोडा वाढवता येईल का, असं तिनं विचारलं. मी वाढवला.

त्यानंतर एके दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. गच्चीकडच्या खोलीत दिवा होता. आई टेबलाशी उभी होती, डोक्यावर पदर, हातात वाटी. वाटीत बोटं बुडवून ती आमच्या इवल्याशा दारापुढे पाणी शिंपडत होती. चार-पाच थेंब. मग कानकोरण्याला गुंडाळलेल्या कापसानं उंबऱ्यापासून बाहेरच्या बाजूला झाडल्यासारखं केलं, रेषेपर्यंत. मी आलोय हे तिला कळलं नाही. मी परत जाऊन अंथरुणावर पडलो.

वास्तूच्या आदल्या आठवड्यात भाऊ गल्ली न्यायला गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर गादी अंथरून आणली होती. रात्री त्यानं मॉडेल पाहिलं, फरसबंदीचं कौतुक केलं आणि आपल्याच दारापुढे रंग का उडालाय, हे विचारलं. पाणी सांडलं, असं मी सांगितलं. तो म्हणाला, सकाळी निघण्याआधी तेवढं मारून टाक. मी हूं केलं आणि झोपायला गेलो. आईचं नाव काढलं असतं तर त्यानं तिला काही विचारलं असतं, आणि ते मला नको होतं.

सकाळी तो माझ्याआधी उठला. मी चहा टाकायला गेलो तेव्हा तो त्या खोलीच्या दाराशी अनवाणी उभा होता. आत वाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो मागे फिरला आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी ओट्याला टेकून उभा राहिला. चहाला उकळी आली, मी गॅस बारीक केला.

“राहू दे इथंच,” तो म्हणाला. “तिकडं काचेत कोन सडा टाकीन?”

गादी रिकामीच परत गेली. वास्तूला आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याच्या कपाटात आता काचेची फुलदाणी आहे.

आई रोज सडा टाकते. टेबल उंच असल्यामुळे वाकावं लागत नाही, हे तिला फार आवडलंय. आमच्या दारापुढचे दगड आता मधोमध खोलगट झालेत, खरेखुरे, पाण्यानं आणि बोटांनी. असा झिजलेला दगड मला कधीच रंगवता आला नसता. ती अंघोळीला गेली की मी जाऊन खालचं प्लास्टर फुगलं नाही ना, ते अंगठ्यानं दाबून बघतो, आणि हात तसाच ओला घेऊन कचेरीला निघतो.