विमान थांबवणारी बाई

माझी आतेबहीण एकतीस वर्षं विमानतळावर नोकरीला होती. तिला सगळे थांबाताई म्हणत. हे नाव तिला वैमानिकांनी दिलं आणि गावानं ते उचलून धरलं.

आमचा विमानतळ म्हणजे माळावरची एक पट्टी, एक पत्र्याची खोली आणि वाऱ्यानं सदा फुगलेलं एक निशाण. तेव्हा कायद्यानं एकाच कंपनीला, म्हणजे सरकारी कंपनीला, विमान उडवायची मुभा होती. विमान एक दिवसाआड यायचं. चुकलं तर दोन दिवस बसा. म्हणून कुणी धापा टाकत रस्त्यावर दिसलं की ताई वायरलेस उचलायची आणि एकच शब्द बोलायची, "थांबा."

"आज कोण, ताई?" वैमानिक विचारायचा.

"हेडमास्तर. सायकल पंक्चर झालीय."

"मग पंक्चर काढून येताहेत की ढकलत?"

"ढकलत. पण दिसले हो, वळणावर आलेत."

आणि साठ माणसांचं विमान एका सायकलीसाठी उभं राहायचं. घरी तिचा नवरा, शिंपी माणूस, सुईत दोरा ओवत म्हणायचा, "सगळ्या जगासाठी थांबतेस, मला मात्र ताटावर यायला दोन मिनिटं उशीर झाला तर भांडी घासायला निघतेस."

मग कायदा बदलला. परवाना मिळवेल त्यानं विमान उडवावं असं ठरलं. आमच्या माळावर दोन नव्या कंपन्या उतरल्या आणि त्यांच्यात अशी चुरस लागली की भाडं निम्म्यावर आलं. ज्यांनी आजवर विमानाची फक्त सावली अंगावरून जाताना पाहिली होती, ते खिडकीची जागा मागू लागले. मी स्वतः त्या वर्षी पहिल्यांदा ढग वरून पाहिले. ते नांगरलेल्या रानासारखे दिसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सरकारी कंपनीला ही चुरस झेपली नाही. तिनं इथला गाशा गुंडाळला. ताईला एका नव्या कंपनीनं घेतलं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाहीतर घरी. नवऱ्याचे हात तोवर थरथरायला लागले होते, शिवणकाम सुटलं होतं. घर तिच्याच पगारावर उभं होतं. तिच्याबरोबर वीस वर्षं सामानाच्या वजनकाट्यावर बसलेल्या काटेदादांना दुसऱ्या कंपनीनं घेतलं. दोघांच्या काउंटरमध्ये आठ पावलांचं अंतर. दोन्ही कंपन्यांचा लेखी हुकूम होता की पलीकडच्यांशी प्रवाशांबद्दल बोलायचं नाही. मग दोघं मागच्या बाकावर डबा खाताना गुडघ्यांबद्दल बोलायचे.

पाचवा महिना सरत आला होता. एका सकाळी, विमान सुटायला वीस मिनिटं उरली तेव्हा नियमाप्रमाणे ताईनं काउंटर बंद केलं. आणि दोन मिनिटांनी एक गवंडी धावत आला. केसांत सिमेंट, हातात तिकिटाचा कागद.

"बाई, बस बंद पडली. शहरात मुलीचं ऑपरेशन आहे दुपारी दोनला. बाबा आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून बसलीय."

ताईचा हात वायरलेसवर गेला. "थांबा," ती म्हणाली.

"कोण बोलतंय? कशासाठी?" पलीकडून अनोळखी आवाज आला.

तिची नजर यादीवर गेली. विमानातल्या अकरा जणांना शहरात उतरून लगेच पुढचं विमान पकडायचं होतं. त्या अकरांतही कुणाची आई असेल, कुणाची परीक्षा असेल. पूर्वी यादीत असं काही लिहिलेलं नसायचं.

"काही नाही," ती म्हणाली. "निघा."

गवंडी मटकन खाली बसला. ताईनं त्याच्या हातातला कागद घेतला, उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं, 'पुढच्या विमानाने घ्यावे.' खाली सही केली. सरकारी कंपनीत विमान भरलं किंवा रद्द झालं की असंच लिहून द्यायची पद्धत होती. गवंड्याला घेऊन ती आठ पावलं चालली. काटेदादांचं विमान पाऊण तासानं सुटणार होतं. दादांनी सही पाहिली, मान डोलावली आणि जागा दिली. ती सही ते वीस वर्षं पाहत आले होते. आता आपण दोन वेगळ्या कंपन्यांची माणसं आहोत, एकीची सही दुसरीकडे चालत नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा विमान ढगात होतं.

पावणेदोनला गवंड्याचा फोन आला. मुलगी आत गेली होती, हसत गेली होती.

दादांच्या साहेबांनी त्यांना फोनवर झापलं आणि विषय सोडला, कारण ती खुर्ची तशीही रिकामीच जाणार होती. ताईचे साहेब मात्र दोन दिवसांनी स्वतः आले. वयानं तिच्या भाच्याएवढे, डोळे जागरणानं सुजलेले.

"आपला प्रवासी तुम्ही उचलून त्यांच्या पदरात टाकलात, ताई. कशाला?"

"हात आपोआप चालला, साहेब. चूक झाली."

"मग लिहून द्या, पुन्हा असं होणार नाही."

ताईनं कागद ओढला. तारीख घातली, नाव लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. घरातलं सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं, नवऱ्याचे ते हातसुद्धा.

"एवढं नाही लिहिता येणार," ती म्हणाली. "खोटं होईल ते."

साहेबांनी तो कागद पुन्हा तिच्याकडे सरकवला.

"बरं, असं लिहा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी आधी साहेबांना फोन करीन आणि विचारीन."

"हे खरं होईल," ती म्हणाली आणि तिनं सही केली. महिनाभरानं ती कायम झाली.

त्या सहीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात उशिरा आलेल्यांसाठी तिनं साहेबांना चार फोन केले. तिसऱ्याला ते म्हणाले, "ताई, मी जेवतोय." ती म्हणाली, "जेवा, मी धरून ठेवते." चारांपैकी एकदा ते हो म्हणाले, तीनदा नाही. त्या तिघांना तिनं आतून खुर्च्या आणून दिल्या, पाणी दिलं आणि मग नाही म्हणून सांगितलं.