आखणीच्या दिवशी गोळी नाही

पेणला कुणी विचारलं तर मी सांगायचे, रोह्याला व्हिटॅमिनसाठी जाते. अगदीच खोटं नव्हतं. रक्त तपासलं तेव्हा बी-ट्वेल्व्ह कमी निघालं होतं आणि डी तर फारच कमी. पण त्या गोळ्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात, त्यासाठी कुणी दर महिन्याला कासू, नागोठणे करत रोह्यापर्यंत जात नाही. मी तिथे मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जात होते. पेणमध्ये अशा दवाखान्याच्या बाकड्यावर बसले असते, तर संध्याकाळच्या आत रामवाडीत आमच्या गल्लीपर्यंत बातमी पोहोचली असती.

मी गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बावीस वर्षं हेच काम. अंगाचा रंग, पितांबर, दागिने सगळं झालं की मूर्ती माझ्यापुढे येते. पापणीची कड, बुबुळ, शेवटी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. पूर्वी मी झालेली मूर्ती लगेच बाजूला सरकवायचे, कारण ती बघत असताना पुढची करता यायची नाही. यात भक्तीचा काही भाग नाही. कामात अडथळा यायचा, एवढंच.

आमच्याकडे एक नियम आहे. डोळ्याची कुंचली हातात असली की त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. मालकही नाही. फोन वाजला तर दुसरा उचलतो. हा नियम मला फार सोयीचा पडला, कारण दोन वर्षं मला कुणाशी बोलायचंच नव्हतं.

माझा मोठा भाऊ वारला, तेव्हा मी आलेल्या सगळ्यांना चहा दिला, कोण कुठल्या एस.टी.ने परत जाणार ते विचारलं, सतरंज्या झाडून घडी केल्या. रडू आलं नाही. दुःख दाबलं वगैरे काही नव्हतं. आत दाबायला काही सापडलंच नाही. त्याच सुमारास एकदा लक्षात आलं, की कित्येक दिवसांत मी मूर्ती सरकवलेली नाही. डोळे काढून झालेल्या आठ-दहा मूर्ती समोर तशाच होत्या आणि एकही बघत नव्हती. मालक म्हणाले, "ताई, डोळे नेहमीसारखे झालेत." म्हणजे हात त्याचं काम करत होता.

घरच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली, मग गोळ्या. आकडे वर आले. मी होते तिथेच राहिले. मग रोहा.

तिथल्या पहिल्या गोळीने तोंडाला कोरड पडली. दुसरीने झोप वाढली. दोन्ही मी सांगितल्याप्रमाणे, सांगितले तितके महिने घेतल्या. बाकी जैसे थे. मॅडमनी फायलीत काहीतरी लिहिलं आणि मला मराठीत सांगितलं, "उपचारांना दाद न देणारं नैराश्य."

"म्हणजे मी दाद देत नाही?"

"तुम्ही नाही, आजार. आता आपण याला लिथियमची जोड देऊन बघू. पाणी भरपूर प्यायचं, मीठ सोडायचं नाही, आठवड्याने रक्त तपासायचं. काम काय करता?"

"घरीच असते," मी म्हणाले. गणपतीचा कारखाना म्हटलं की कुठला, कुणाचा, असं निघतं, म्हणून.

सहाव्या दिवशी हात थरथरला. सकाळी कुंचली पहिल्यांदा ओली केली की मी दोन डोळे एका सोंड तुटलेल्या मूर्तीवर काढून बघते आणि पुसते. त्या दिवशी पापणीची कड भातखाचराच्या बांधासारखी झाली. पुसली, परत काढली. तशीच. पाठीमागे बावन्न मूर्ती सुकत होत्या आणि ट्रक चार दिवसांनी यायचा होता.

मी विचार फार केला नाही. दोन दिवस लिथियमची गोळी घेतली नाही. हात जागेवर आला. मग ठरवून टाकलं: आखणीच्या दिवशी गोळी नाही. पण वैशाखापासून गणपतीपर्यंत आखणी रोजच असते. कारखाना बंद फक्त सोमवारी. म्हणजे गोळी फक्त सोमवारी. व्हिटॅमिनने हात हलत नाही, ती मी रोज घेत होते, एक दिवस चुकवली नाही. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला की विचारायचा, "गोळ्या घेतल्यास?" मी रिकामी पट्टी दाखवायचे. ती बी-ट्वेल्व्हची असायची.

कारखान्यात माझ्या शेजारी अंगाचा रंग मारणारी बाई धरमतरच्या बाजूच्या गावातली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. चहाच्या वेळी ती मला धरायची.

"व्हिटॅमिनसाठी एवढं रोह्याला जायाला लागतं व्हय गो?"

"तिथले डॉक्टर चांगले आहेत."

"आमच्या दारात शेवगा हाय, त्याच्यात सगळं हाय. डाक्टर काय झाडावर चढतो?"

दुसऱ्या दिवसापासून ती पिशवी भरून पाला आणायला लागली. मी भाजी करून खात होते. चव कळत नव्हती, त्यामुळे तक्रारही नव्हती.

रक्ताची तपासणी मी दोनदा टाळली. पाहुणे आलेत, असं सांगितलं. तिसऱ्या वेळी मॅडमनी आत घेण्याआधीच मला खालच्या लॅबमध्ये पाठवलं. पुढच्या गुरुवारी गेले तेव्हा रिपोर्टचे दोन कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते.

"बी-ट्वेल्व्ह उत्तम. डी उत्तम. व्हिटॅमिनं अगदी वेळेवर घेता, हे दिसतंय," त्या म्हणाल्या. मग दुसरा कागद पुढे सरकवला. "लिथियम जवळजवळ नाहीच. गोळ्या फेकता का?"

"नाही. डब्यात आहेत."

मग सगळं सांगितलं. कारखाना, आखणी, सोमवार. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मॅडम रागावल्या, पण आवाज न चढवता.

"थरथर सुरू झाली त्याच दिवशी फोन करायचा होता. मात्रा बघता आली असती, थरथरीवरही औषध असतं. सगळ्यांना पूर्ण लागू पडतं असं नाही, पण बघता आलं असतं. मी इथे बसून समजतेय, तिसरा उपायही फुकट गेला. तो तुम्ही केलाच नाही."

"हात गेला तर माझं काम जाईल."

"डोळे काढताना तुम्हाला काही वाटतं का?"

"नाही."

"मग हात कशासाठी जपताय?"

"तेवढाच चालू आहे म्हणून."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. म्हणाल्या, "तीन महिने रोज घ्या. रोज म्हणजे रोज. मग आपण दोघी बघू, काय राहतं आणि काय येतं." 

येताना गाडीत बसायला जागा होती. मी हिशेब सरळ केला. गोळी रोज घ्यायची तर या वर्षी आखणी नाही. आखणी करायची तर दोन वर्षं जशी गेली तशीच पुढची. मूर्तीचे डोळे मला दोन काळे ठिपके दिसतात हे कुणाला कळत नव्हतं, त्यामुळे हे कितीही वर्षं चाललं असतं. कितीही वर्षं, हे जरा जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गोळी घेऊन कामावर गेले. कुंचली ओली केली आणि ती हातात असतानाच मालकांशी बोलले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, आजपासून डोळे दुसऱ्या कुणाला द्या. मी अंगाचा रंग घेते."

सगळे थांबले. मालकांनी आधी माझ्या हातातल्या कुंचलीकडे बघितलं. "आता? सीझनच्या तोंडावर? काय झालं?"

"औषध चालू आहे. त्याने हात थरथरतो."

"व्हिटॅमिनने?"

"व्हिटॅमिनने नाही. मनाच्या आजाराची गोळी आहे. रोह्याला त्यासाठीच जाते."

मग शेजारची बाई म्हणाली, "म्हंजे एवढं दिवस आमचा शेवगा फुकट खाल्लास गो?"

दोघंतिघं हसली. हसण्यासारखंच होतं, हे मला कळलं. मालक हसले नाहीत. त्यांनी सुकत ठेवलेल्या मूर्ती मोजल्या आणि दागिन्यांचं काम करणाऱ्या मुलीला बोलावून माझ्या पाटावर बसवलं. तिचे डोळे थोडे मोठे येतात. गिऱ्हाइकांना ते आवडतील असं मला वाटतं, हल्ली मोठे चालतात.

आता मी अंगाचा रंग मारते. त्यात थरथर दिसत नाही. गोळी मी कारखान्यात दहाच्या चहाला सगळ्यांसमोर घेते. घरी घेतली तर परत पट्टीची अदलाबदल करीन, मी स्वतःला ओळखते. शेजारची बाई पाण्याचा तांब्या पुढे करते आणि दोन घोट जास्त प्यायला लावते. तिची शेवग्याची पिशवीही चालू आहे. पाला तिने बंद केला नाही आणि मीही नको म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी पडतंय असं परवा वाटलं. खरंच कमी होतं की कसं, नवऱ्याला विचारायचं राहिलं.

रक्तात आता लिथियम हवं तेवढं आहे. थरथरीवरची गोळीही चालू केली आहे. हात थोडा कमी हलतो. तीन महिन्यांतले सहा आठवडे झालेत.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी मी सोंड तुटलेल्या गणपतीवर दोन डोळे काढते. शेजारची बाई चष्मा लावून बघते. पहिल्या आठवड्यात म्हणाली, "ह्ये डोळं हायत का मुंग्या?" गेल्या शनिवारी म्हणाली, "आज बरं आलंत. उंदराला चालतील."

ते मी पुसले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवे काढायला जागा हवी होती, तेव्हा पुसले.