नानांची पहिली तक्रार

फौजेच्या मेडिकलमधून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि कुपवाडच्या एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डवर लागलो. काम तेच, नर्सिंग असिस्टंटचं. फरक एवढाच, की मिलिटरी हॉस्पिटलात पेशंटला 'पडून राहा' म्हटलं की तो पडून राहतो. इथं एका पेशंटमागं अख्खी भावकी यायची आणि त्यातली निम्मी कॉटवर बसायची.

नाना ढेकळे आटपाडीकडचे मेंढपाळ. लकव्यानं उजवी बाजू गेली होती, वाचाही. घास गिळता येत नव्हता. डॉक्टरांची ऑर्डर होती, तोंडानं काही द्यायचं नाही, नाकातल्या नळीनंच. नाना ती नळी उपसून टाकायचे. अंग पुसताना एकदा त्यांचा डावा हात माझ्या कानाखाली बसला. सिस्टर शबाना ड्रेसिंग रूममध्ये जाऊन डोळे पुसून यायची. मी जिन्यात उभा राहून दात आवळायचो. मग दोघंही परत आत.

एका सकाळी डॉक्टरांचा राऊंड चालू असताना नानांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, पदराआडून दूध-भाकरीचा घास भरवला. नाना निळे पडले.

"सक्शन!" मी ओरडलो आणि त्यांना कुशीवर वळवलं.

सिस्टर मशीन घेऊन धावली. घास निघाला. छाती हलली.

"ऑक्सिजन?" पलीकडच्या कॉटवरून धावत आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"चढतोय."

मग मी काकूंवर भडकलो. "सांगितलं हुतं न्हवं, कायबी द्यायचं न्हाई म्हणून?"

"आवं, जल्मभर माज्या हातचं खाल्लंय त्यांनी. उपाशी कसं बघू?"

माझा राग उतरला. म्हणालो, "काकू, त्यास्नी गिळायला शिकवू. भरवायचं तुमीच. पर मी सांगीन तवा, सांगीन तसं."

हनुवटी खाली घ्यायला लावून चमचा कसा द्यायचा, ते काकू रोज शिकू लागल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी घट्ट पेजेचा पहिला चमचा त्यांनीच भरवला. मी सक्शनची नळी धरून अटेन्शनमध्ये उभा. नानांनी हनुवटी खाली घेतली. गिळलं. तोंड वाकडं केलं आणि म्हणाले,

"अळनी!"



"बोललं गं बाई!" काकू टाळ्या पिटत ओरडल्या. "आन् बोललं त्येबी काय, तर मीठ न्हाई!"

सिस्टर हसता हसता खाली बसली. शेजारच्या कॉटवरचा पेशंट पोटाचे टाके धरून हसत होता. नाना आम्हा सगळ्यांकडं रागानं बघत होते.

त्या क्षणी मला लान्स नायक संपत आठवला. शिरवळचा. फील्डला, म्हणजे सीमेवर, आम्ही एकाच तंबूत होतो. जखमी जवान कुरकुर करू लागला की तो खूश व्हायचा. "गड्या, तक्रार आली. आता ह्यो मरत न्हाई." बर्फातून एका जखमी जवानाला खाली आणताना संपतच्या पायाखालचा कडा तुटला. स्ट्रेचर वर राहिलं, संपत गेला. तो जवान वाचला. शुद्धीवर आल्यावर चहा गार आहे म्हणून माझ्यावर खेकसला. ते ऐकायला संपत नव्हता.

कुपवाडच्या त्या वॉर्डात मी त्याच्याही वाटणीचं हसून घेतलं.