पायाचं मेडल

आमच्या घरी खंडेनवमीला बाबांची मेडलं पूजेत मांडली जात. पाटावर लाल कापड, त्यावर बाबांचा पाना आणि पेचकस, आजोबांची फॅक्टरीतली लोखंडी मोजपट्टी, माझं वह्या तपासायचं लाल पेन आणि मधोमध एका पट्टीवर ओळीनं टांगलेली पाच मेडलं. आई एकेकाला हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची आणि दसरा झाला की ब्रासोनं घासून ती कपाटात ठेवून द्यायची. सव्वीस जानेवारीला बाबा ती छातीवर लावून लंगडत ग्राउंडवर जात आणि येताना जिलबी आणत. त्यांतलं एक, पांढऱ्या फितीवर मधोमध लाल रेघ असलेलं, लढाईत जखमी झाल्याबद्दलचं होतं. घरात त्याला सगळे पायाचं मेडल म्हणत.

बाबा फौजेत ड्रायव्हर होते. डोंगरावरच्या लढाईत खालून वर रसद आणि दारूगोळा नेणाऱ्या लॉऱ्यांपैकी एक त्यांची होती. तिथं गोळा फुटला आणि पाय कामातून गेला, एवढंच ते सांगत. जास्त खोदून विचारलं की उठून रेडिओ मोठा करत. मोठे काका, म्हणजे बाबांचे नागपूरचे थोरले भाऊ, वेगळंच सांगायचे. कुठल्याही लग्नात, कुठल्याही बारशात, चार माणसं जमली की ते म्हणायचे, "अरे, गाडी उलटली होती याची. गोळा कसला न काय." बाबा हसून पान लावत बसायचे. आई मात्र उठून जायची.

बाबांच्या तेराव्याला, पंगत अजून बसलेलीच होती, तेव्हा काकांनी तेच वाक्य पुन्हा काढलं. या वेळी आई उठून गेली नाही. तिनं वरणाची बादली खाली ठेवली न म्हणाली, "भाऊजी, सरकारी कागद आणून दाखवते तुम्हाला."

कागद महिन्याभरात आपोआपच आला. फॅमिली पेन्शनच्या कामासाठी बाबांच्या सर्व्हिस रेकॉर्डची नक्कल मागवली होती, ती टपालानं आली. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचून दाखवत होते. मेडलच्या रकान्यात दोनच नावं होती. पायाचं मेडल त्यांत नव्हतं, डोंगरावरच्या लढाईचंही नव्हतं. आईनं मला ते तीनदा वाचायला लावलं, जणू मीच मधल्या ओळी गाळत होते.

"मग दुरुस्त करून आण," ती म्हणाली.

सरकारी काम न सहा महिने थांब, हे मला माहीत होतं. मी शाळेत शिकवते, अर्ज-बिर्ज मला लिहिता येतात. पण आई माझ्यावर सोडायला तयार नव्हती. रेकॉर्ड ऑफिसला जायचं तर तीही स्कूटीवर मागे बसणार आणि मांडीवर पिशवी घेणार. पिशवीत देव्हाऱ्यातल्या लाल कापडात बांधलेली पाचही मेडलं. पुरावा म्हणून. मलाही ते पटलं होतं, हे आज सांगताना हसू येतं. ज्याच्या घरात मेडल आहे त्याला मेडल मिळालं नव्हतं असं कोण म्हणेल?

खिडकीतल्या बाबूनं कापड सोडलं. फितींत हळद होती, खाचांत कुंकू बसलं होतं. त्यानं एक मेडल उचलून फुंकर मारली, बोटानं कडा पुसली आणि ते उजेडात धरून फिरवलं. मग दुसरं, मग तिसरं. माणूस वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली आणून सांगितलं की सरकारी मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. या पाचही कडा कोऱ्या होत्या. "माताजी, ये तो सदर की दुकान के हैं," तो म्हणाला आणि त्यानं मेडलं तितक्याच जपून पुन्हा बांधून दिली.

 घरी आल्यावर तिनं पिशवी तशीच कपाटात टाकली. रात्री ताटावर बसल्यावर तिनं विचारलं, "त्यांनी खोटं काहून सांगितलं असेल मला?"

मी म्हटलं, कशाला खोटं सांगतील? पण माझ्याही मनात किडा शिरला होता. तेव्हापासून मी खऱ्या अर्थानं अडकले. काम सोडून द्यावं तर आई त्या एका प्रश्नावर उरलेलं आयुष्य काढणार. काम पुढे न्यावं आणि काका खरे निघाले तर? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

आधी मी आईला सदरला नेलं. कॅन्टोन्मेंटच्या त्या बाजारात फौजी सामानाची जुनी दुकानं आहेत, बिल्ले, पट्टे, फिती, सगळं मिळतं. एका म्हाताऱ्या दुकानदारानं आमची पट्टी ओळखली. त्याच्याकडचीच होती. त्यानं सांगितलं की सगळेच जवान विकत घेतात. मेडल मिळाल्याचा हुकूम निघतो, फीत लगेच लावायची असते, आणि खरं मेडल यायला वर्षं लागतात. कित्येकांना तर ते मिळतच नाही. आईचा चेहरा जरा उजळला. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण माझी मास्तरकी आड आली. मी विचारलं, घेणाऱ्याकडे तुम्ही कागद मागता का? तो म्हणाला, "दीदी, हम काहे पूछें? नाटकवाले भी ले जाते हैं." आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी स्कूटीची किल्ली शोधायचं सोंग केलं.

पुढचं वर्ष घाण्याच्या बैलासारखं गेलं. रेकॉर्ड ऑफिस म्हणे, जखमेचा हुकूम युनिटनं काढलेला असतो, त्याची प्रत आणा. युनिटला लिहिलं तर उत्तर आलं की इतके जुने हुकूम आम्ही रेकॉर्ड ऑफिसला पाठवून दिलेत. बाबा जिथं पडून होते त्या दवाखान्यानं कळवलं की त्या काळातले कागद नियमाप्रमाणे नष्ट केले. ही तिन्ही उत्तरं एका फाइलीत लावून मी पुन्हा त्याच खिडकीशी उभी राहायचे. शाळेतल्या माझ्या सुट्ट्या संपल्या, मग बिनपगारी झाल्या. मोठ्या मॅडम विचारायच्या, अजून किती दिवस? मला काय माहीत! खरं सांगायचं तर मला आईचा राग यायचा, बाबांचा त्याहून जास्त. आयुष्यभर रेडिओ मोठा करत बसलात, एक दिवस बंद करून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आई मात्र चुकत नव्हती. खिडकीशी गेलं की बाबू म्हणायचा, माताजी, नंबर? आणि आई बाबांचा फौजेतला नंबर एका दमात घडाघडा म्हणायची. घरी तिला स्वतःच्या मोबाइलचा नंबर आठवत नाही.

शेवटी बाबूनंच वाट सुचवली. बाबांसोबत तिथं असलेल्या कुणाचं शपथपत्र आणा, म्हणाला, मी फाइल वर पाठवतो. असा एकच माणूस आम्हाला माहीत होता. लढाईत बाबांच्या मागची लॉरी चालवणारे त्यांचे एक सोबती नरसिंहपूरकडच्या गावी राहत. दर अमावास्येला ते आमच्या शहरातल्या ग्वारीघाटावर नर्मदेच्या स्नानाला येत. त्या अमावास्येला ते ओल्या धोतराची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. आईनं पोहे केले. त्यांनी खाऊन होईपर्यंत आम्ही काही विचारलं नाही.

मग त्यांनी आपणहूनच सांगितलं. गाड्यांचे दिवे बंद करून घाट चढायचा, कारण दिवा दिसला की समोरच्या डोंगरावरून मारा व्हायचा. त्या रात्रीही रस्त्यावर गोळे पडत होते. बाबांच्या लॉरीपासून बऱ्याच अंतरावर एक फुटला. अंधार, वळण, कडेची माती सुटलेली. लॉरी सावकाश कलली आणि नाल्यात गेली. पाय खाली अडकला.

"गोळा लागला नाही त्यांना?" आईनं विचारलं.

"नाही, भाभी," ते म्हणाले. "गाडी पलट गई थी."

तेच वाक्य. ज्या वाक्यावर आई पन्नास पंगतींतून उठून गेली असेल, ते आमच्याच घरात, आमचे पोहे खाल्लेल्या माणसानं सांगितलं. मोठे काका खरे होते.  त्या माणसाला बहुतेक आमचे चेहरे वाचता आले. ते घाईनं म्हणाले, "बेटी, तू लिख दे कि शेल लगा. मैं दस्तख़त कर दूँगा. उसका हक़ बनता है."

स्टॅम्पपेपर समोर होता, पेन हातात होतं. मला लिहायचं होतं. गोळा लागला, हे दोन शब्द लिहिले की मी सुटणार होते. खिडकी सुटणार, शाळेतली बोलणी सुटणार, काकांच्या तोंडावर कागद मारता येणार. बाबांनी आयुष्यभर जे सांगितलं तेच तर लिहायचं होतं. मी आईकडे पाहिलं. ती पोह्यांची बशी हातात घेऊन बसली होती.

"गाडी उलटली असं लिही," ती म्हणाली. "आणि दिवे बंद होते, तेही लिही."

मी लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की ते शपथपत्र पुन्हा टाइप करून घ्यावं लागलं.

निकाल यायला आणखी एक उन्हाळा गेला. डोंगरावरच्या लढाईचं आणि तिच्या बरोबरचं आणखी एक, अशी दोन मेडलं रेकॉर्डमध्ये चढली. जखमेच्या मेडलसाठी पुरेसा आधार नाही, असं शेवटच्या ओळीत होतं. मंजूर झालेली मेडलं लहान पुठ्ठ्याच्या डब्यांतून आली. त्यांच्या कडेवर बाबांचा नंबर आणि नाव कोरलेलं होतं. आईनं चष्मा न लावता अंगठ्याच्या नखानं ते वाचलं.

त्याच संध्याकाळी तिनं नागपूरला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर. मला वाटलं, आता दुरुस्त झालेला कागद वाचून दाखवेल. ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं बरोबर होतं. गाडीच उलटली होती. गोळे पडून राहिले होते न हे अंधारात वर चालले होते."  मग काका म्हणाले, "अगं, मी काय, सहज म्हणायचो." आणि त्यांनी तिच्या बीपीची चौकशी केली. सहज! मी फोन हिसकावून घेणार होते. आईनं हातानंच मला थांबवलं आणि बीपी बरं आहे असं सांगितलं.

या खंडेनवमीला मी शाळेतून उशिरा आले. आईची मांडणी झाली होती. पाना, पेचकस, मोजपट्टी. मेडलांच्या पट्टीवर आता चारच मेडलं होती, एका जागी फक्त तुटलेले दोरे. मला वाटलं, पाचवं तिनं काढून टाकलं, सरकारनं नाही म्हटलं म्हणून. मी पेन ठेवायला वाकले तेव्हा पाटाच्या दुसऱ्या टोकाला एक बाटली दिसली. तिळाच्या तेलाची, प्लॅस्टिकची, बुडाशी काळी पडलेली. रोज रात्री भांडी झाली की आई हीच बाटली कोमट पाण्यात धरून मग बाबांच्या पायथ्याशी त्यांचा तो पाय चोळत बसायची. बाबांच्या शेवटच्या रात्रीपर्यंत. इतक्या वर्षांत तिचं स्वतःचं असं काहीच आम्ही त्या पाटावर कधी मांडलं नव्हतं.

पायाचं मेडल त्या बाटलीच्या गळ्यात बांधलेलं होतं.

मी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "ते माझं आहे," आणि तिनं माझ्याकडे कुंकवाचा करंडा सरकवला.

मी बाटलीला कुंकू लावलं. तेलकट होती, कुंकू टिकेना. दोनदा लावावं लागलं.