वरच्या मजल्यावरचं जेट

भात, घरभाडं, बायकोचा वाढदिवस, कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला तो दुसऱ्या महायुद्धात उतरलेल्या जर्मनीच्या पहिल्या जेट लढाऊ विमानापाशी नेऊन उतरवणारा माणूस ड्रेस्डेनमध्ये एकच होता, आणि तो नेमका माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. माझ्याच संस्थेत टर्बाइनवर काम करणारे हे वरिष्ठ आम्हा सगळ्यांचे दादा. त्या विमानाला ते घरातल्या माणसासारखं, नुसत्या क्रमांकाने 'दोनशे बासष्ट' म्हणत. ट्राम उशिरा आली की, "दोनशे बासष्टही असंच रखडलं. सांगाडा तयार, इंजिनांचा पत्ता नाही." माझ्या जुन्या सायकलची साखळी तुटली तेव्हा म्हणाले, "त्याची इंजिनं काही तासांच्या उड्डाणात बदलावी लागायची. उष्णता सोसणारा धातूच मिळेना. तुझी साखळी चांगली चार महिने टिकली, गप बस." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, "अहो, विमान उतरवा आता, पोळ्या गार होतायत." ते उतरवत, आणि पहिल्या घासाला पुन्हा उडवत. एकाच जागी त्यांचा आवाज खाली यायचा. "ते बनवायला छळछावण्यांतले कैदी जुंपले होते. त्यातले कितीतरी मेले. कौतुक करण्याआधी हे सांगायचं."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे पीएचडीच्या तोंडी परीक्षेची मला धास्ती होती. रंगीत तालमीत मी इतका सुसाट बोललो की पहिल्याच प्रश्नाला वाचा बंद. परीक्षेत असंच झालं तर सगळी वर्षं पाण्यात. दादा शांतपणे म्हणाले, "त्या इंजिनांच्या थ्रॉटलचा दांडा एकदम पुढे ढकलला की ती विझायची. तू तेच केलंस. सावकाश."

परीक्षेच्या दिवशी पहिला प्रश्न आला आणि जीभ पुन्हा पळू लागली. शेवटच्या रांगेत दादांनी बाकावर हात ठेवला आणि अगदी हळू पुढे सरकवला. मी थांबलो. पाणी प्यायलो. मग एकेक मुद्दा नीट सांगितला. पास झालो.

इथे डॉक्टर झालेल्याला सहकारी घरी बनवलेली टोपी घालतात, त्याच्या आयुष्यातल्या वस्तू चिकटवून. माझ्या टोपीवर दादांनी पुठ्ठ्याचं विमान बसवलं होतं, आणि त्याच्या नाकावर चक्क पंखा.

"दादा, जेटला पंखा?"

"पहिल्या उड्डाणाला जेट इंजिनं तयार नव्हती. नाकात साधं पंख्याचं इंजिन लावून उडवलं. तू गावाहून आलास तेव्हा तसाच होतास. उडालास ना?"

"अहो, आज तरी," वहिनी म्हणाल्या आणि टोपीवरचं विमान बोटाने सरळ केलं.

गेल्या वर्षी दादा नोकरीसाठी ड्युसेलडॉर्फला गेले. टोपी माझ्या कपाटावर आहे. पंखा निखळतो, मी पुन्हा चिकटवतो. ट्राम उशिरा आली की 'दोनशे बासष्ट' ऐकू येईल म्हणून अजून शेजारी बघतो. ड्युसेलडॉर्फच्या ट्राम वेळेवर येतात की नाही, मला ठाऊक नाही. येत नसाव्यात, अशी आशा आहे.