झेंड्याला कुर्निसात
हिना अत्तराचा वास आला की मला तलवाड्याच्या शाळेपुढचं झेंडावंदन आठवतं. निजामाच्या काळात बंदी असलेल्या पक्षाची माणसं पोलिसांना धरून देणारा आमचा जमीनदार, निजाम जाताच त्याच पक्षाचा तालुकाध्यक्ष झालेला. खादी कडक, वर अत्तर घमघमतं. मुक्तिदिनी झेंडा फडकला आणि सवयीनं तो कमरेत वाकला, हात जमिनीपासून कपाळापर्यंत नेत दरबारी कुर्निसात केला. मागचे पुढारीही त्याचं बघून तसेच वाकले. त्या पक्षापायी तुरुंगात गेलेला माझा चुलता शेजारी उभा होता. तो पचकन थुंकला आणि मला म्हणाला, “टोपी बदलली बे, कंबर तीच हाय.” परवा त्या जमीनदाराच्या नातवानं नव्या पक्षात प्रवेश केला. गळ्यात नवं उपरणं पडताच तो नेत्यापुढं तसाच वाकला. चुलता आता नाही, म्हणून मीच थुंकलो.